आमची वाटचाल: बाबांचं लेथ, माझं ड्रॉइंग

आमच्या वर्कशॉपची सुरुवात लोक एका जुन्या लेथपासून, म्हणजे धातू गोल फिरवून कापणाऱ्या मशीनपासून, धरतात. मी ती त्याच्या कितीतरी आधीची धरते. बाबा हेल्पर म्हणून लागले आणि बघून बघून टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर, झाले. दुसऱ्या पाळीहून आल्यावर कितीही हात धुतले तरी नखांतलं काळं तेल जायचं नाही. डाग पडतील म्हणून माझ्या वह्यांना ते कधी कव्हर घालत नसत. ते काम आईचं. बाबा लांबून बघायचे.

मशीन त्यांना आवाजावरून कळायचं, पण मापांचं ड्रॉइंग वाचून घ्यायला दुसऱ्याकडे जावं लागायचं. "तुला कागद कळला पाहिजे, तोही खुर्चीवर बसून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या फीसाठी किती ओव्हरटाइम केला ते मला आईकडून कळलं.

शाळेत त्रिकोणमिती आली तेव्हा मी विचारलं, हे लागतं कुठे? त्यांनी टेपरचं, म्हणजे एका टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या गोल भागाचं, सांगितलं. कम्पाउंड स्लाइड, म्हणजे कापायचं टूल कोनात नेणारी सरकती पट्टी, अंदाजाने फिरवायची, कट घ्यायचा, मोजायचं, पुन्हा फिरवायची. मी वहीत मांडून दाखवलं. मोठा व्यास ४० मिमी, लहान ३०, लांबी ५०. फरक १०, त्याचा निम्मा ५, भागिले ५०. टॅन ०.१, म्हणजे सुमारे ५.७ अंश. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्लाइड तेवढीच फिरवली. "दुसऱ्याच कटला बसला," हे सांगायला त्यांनी मला झोपेतून उठवलं.

मी इंजिनिअर झाले, डिझाइनची नोकरी केली, मग ती सोडून लेथ घेतलं. बाबा भांडले नाहीत. कित्येक महिने वर्कशॉपला आलेही नाहीत. ज्या तेलातून मला बाहेर काढलं त्यातच मी परत हात घातला, असं त्यांना वाटलं. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

मग टेपरची एक ऑर्डर अडली. कोन बरोबर, तरी ब्लू, म्हणजे निळा रंग, लावून गेजमध्ये, म्हणजे तपासायच्या साच्यात, फिरवलं की एका टोकालाच लागायचं. रात्री बाबांना सांगितलं. सकाळी ते माझ्याआधी दारात. टूल बघून म्हणाले, "टोक सेंटरच्या खाली आहे. तुझं गणित सेंटर धरून आहे." सेंटर म्हणजे तुकडा ज्या मध्यरेषेभोवती फिरतो ती. टूलखाली पातळ पॅकिंग टाकलं, पुन्हा कट घेतला. ब्लू सगळीकडे सारखा लागला.

तेव्हापासून नव्या जॉबचा पहिला पीस त्यांनी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. ड्रॉइंग मात्र ते मला शेजारी बसवूनच वाचतात, एकेका मापावर बोट ठेवत. कुणी आलं की ओळख करून देतात, "ही माझी मुलगी, इंजिनिअर आहे." वर्कशॉप तिचं आहे, हे नंतर सांगतात.