फुलीचा एक पाय दुभंगलेलाच: आठ इंची न्यूटोनियन, नोंद सातवी

सापडलं! माझ्या आरशाच्या (न्यूटोनियन) दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत ताऱ्याभोवतीच्या फुलीचा एक पाय दुहेरी का येतो, ते. पाच रात्री आणि अर्धं रीळ काळा दोरा खर्ची पडला, पण सापडलं.

मागच्या नोंदीत सांगितलं होतं की ऑनलाइन मागवलेला स्पायडर (नळीच्या तोंडाशी छोटा आरसा धरून ठेवणारी चार पाती) काढून टाकतोय. विक्रेत्याचं नाव घेत नाही, पण 3 मिलिमीटर जाडीच्या पात्यांना ‘अल्ट्रा थिन’ म्हणायला धाडस लागतं. त्याच्या जागी बोहरी आळीतून आणलेली हॅकसॉची पाती बसवली. दात ग्राइंडरवर घासून काढले की जाडी उरते जेमतेम 0.6. एका पात्याचे दोन तुकडे केले की प्रत्येकाला नळीकडच्या टोकाला आयतं भोक मिळतं. पहिलं पातं जास्त ताणल्यामुळे टणकन तुटलं आणि तुकडा थेट तुळशीत जाऊन पडला. गॉगल घाला, एवढंच सांगतो.

बसवल्यावर दुर्बीण स्वातीवर लावली, दहा सेकंदांचा फोटो काढला. ताऱ्याभोवतीच्या फुलीचा आडवा पाय सुईसारखा, आणि उभा पाय चक्क दुहेरी! किंचित उघडलेल्या कात्रीसारखा. दोनशे पिक्सेल लांब शेपटीच्या टोकाला आठ पिक्सेलांची फट. आधी फोकसवर संशय घेतला. बाहतिनोव्ह मास्क (फोकस तपासायची जाळी) लावून पाहिला, फोकस चोख. मग कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, तेही चोख.

उभा पाय फाटलाय म्हणजे उभी पाती वाकडी, असं धरून मी तीन रात्री फोकसरच्या (कॅमेरा जोडायच्या नळीच्या) रेषेतली जोडी सरळ करत बसलो. सैल करा, ताणा, पुन्हा फोटो. फरक शून्य. चौथ्या रात्री जेवताना घास हातातच राहिला. अरे, स्पाइक, म्हणजे फुलीचा पाय, पात्याला काटकोनात पडतो! उभा पाय आडव्या पात्यांचा असतो. हे मला गेली दहा वर्षं माहीत आहे, नवख्यांना मीच समजावून सांगतो. असो.

पण आडवी पातीही डोळ्यांना सरळच दिसत होती. नळीवरची भोकं बरोबर समोरासमोर होती, दोनदा मोजली. शेवटी शिवणयंत्राचा काळा दोरा एका भोकापासून समोरच्या भोकापर्यंत ताणून धरला. आई टॉर्च धरून उभी होती. ती म्हणाली, “दोरा सरळच आहे रे, तुझं मधलंच खाली गेलंय.” खरंच, हबचा (पाती जिथे मिळतात त्या मधल्या गट्टूचा) मध्य दोऱ्यापासून 2 मिलिमीटर सरकलेला होता, फोकसरपासून लांब.

तो सरकवला होता मीच, मुद्दाम. सेकंडरीचा (छोट्या तिरप्या आरशाचा) ऑफसेट, म्हणजे त्याला मध्यापासून थोडं बाजूला बसवणं! एफ/6 ला (फोकल लांबी मोठ्या आरशाच्या व्यासाच्या सहापट) 50 मिलिमीटरचा सेकंडरी म्हणजे 50 भागिले 24 (चार गुणिले सहा), साधारण 2.1. पुस्तकी हिशोब अगदी बरोबर. पण हब सरकवला की आडव्या दोन पात्यांचा उथळ व्ही होतो, प्रत्येकी सव्वा अंशाच्या आसपास. दोन पाती समांतर नसली की दोन वेगळे स्पाइक. पाती समांतर असून थोडी पुढेमागे असती तर स्पाइक एकाच दिशेत पडले असते. फोकसरच्या रेषेतली जोडी हबबरोबर तिच्याच रेषेत सरकते, म्हणून आडवा पाय शाबूत राहिला.

उपाय म्हणजे हब पुन्हा मध्यावर आणायचा आणि आरसाच होल्डरवर सरकवून चिकटवायचा. तिरप्या पृष्ठावर मोजायचं तर 2.1 नव्हे, 3 मिलिमीटर, प्राथमिक (तळच्या मोठ्या) आरशाच्या बाजूला. जुना सिलिकॉन तंगुसाने करवतासारखा कापला, तीन नवे थेंब, मध्ये आगकाड्या, आणि चोवीस तास हात बांधून बसणं. (फोटो न काढता दुर्बिणीतून नुसतं डोळ्यांनी बघणाऱ्यांनी ऑफसेटच्या नादी लागूच नये, असं माझं मत झालंय.)

काल रात्री पुन्हा स्वाती. चार पाय, चारही एकेरी! पाच मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. पाती पातळ झाल्यामुळे शेपट्या आधीपेक्षा लांब पण फिकट आल्यात. पातळ पात्याने स्पाइक नाहीसा होतो असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. वक्र पाती लावा असा सल्लाही मिळालाय. त्याने प्रकाश जात नाही, नुसता पसरतो. हबलच्या फोटोंतली फुली बघतच मोठा झालोय मी, मला ती हवीच आहे. तीन पाती आणि सहा स्पाइक हा प्रकार माझ्यासाठी नाही.

आता दक्षिणेकडचा फुलीच्या आकाराचा तारकासमूह, त्रिशंकू. मेमध्ये वेंगुर्ल्याजवळच्या सड्यावर जायचं ठरलंय. पुण्यातून त्याचा तळचा तारा जेमतेम 8 अंश वर येतो, तिथे 11. त्याच्या वरच्या ताऱ्यावर, गॅमा क्रूसिसवर, फुली हवी, तीही त्रिशंकूच्याच दांड्याला समांतर... आणि हे लिहिता लिहिता लक्षात येतंय की 1200 मिलिमीटर फोकल लांबीत अख्खा त्रिशंकू मावणारच नाही! दांडा 6 अंशांचा, माझी चौकट एका अंशाची.

मग कॅमेऱ्याची 135 मिलिमीटरची लेन्स न्यावी. हुडवर तंगुसाचे दोन धागे काटकोनात ताणायचे की चारही ताऱ्यांना फुल्या, आणि हुड फिरवला की फुल्याही फिरतात. म्हणजे फुल्यांची फुली. दुर्बीण बरोबर घ्यायचीच, पण ज्वेल बॉक्स या तारकागुच्छासाठी, तो त्रिशंकूतल्या बीटा ताऱ्याच्या शेजारीच आहे.

सिलिकॉन कापून उरलेला तंगूस 0.5 चा आहे. 0.3 चा कुणी वापरलाय का? आत्ताच दक्षिणेला वीज चमकली. वळीव येतोय, नळी आत घेतो.