‘ओलीस : रशियाचा दावा’

२ मार्च २०२२, बुधवार. बेळगावच्या एका मराठी दैनिकात मी तेव्हा रात्रपाळीचा उपसंपादक होतो. खानापूर-निपाणीच्या गाड्यांसाठी पहिलं पान साडेअकराच्या आत सोडावं लागे.

रशियानं युक्रेनवर चढाई केली होती. आदल्या दिवशीच युक्रेनच्या खार्किव शहरात कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला एक वैद्यकीय विद्यार्थी तोफमाऱ्यात गेला होता. युक्रेन त्यामुळे आमच्या आतल्या पानावरचा विषय राहिलाच नव्हता. त्यात संध्याकाळी भारतीय दूतावासाची सूचना आली : खार्किव ताबडतोब सोडा, वाहन नसेल तर चालत निघा, पेसोचिन, बाबाये किंवा बेझलुडोव्हका ही जवळची ठिकाणं गाठा, सहाच्या आत. तिथले सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ.

दहानंतर वेगळंच सुरू झालं. मोदी-पुतीन यांच्यात फोन झाला आणि क्रेमलिननं, म्हणजे पुतीन यांच्या कार्यालयानं, निवेदन काढलं : युक्रेनच्या सुरक्षा दलांनी भारतीय विद्यार्थ्यांना ओलीस धरलंय, त्यांची ढाल केलीय. आमच्या नव्या पोरानं मथळा लावूनही टाकला, ‘भारतीय विद्यार्थी ओलीस!’ आठ कॉलम, उद्गारचिन्हासकट.

“कुठनं घेतलास?”

“इंटरनॅशनल चॅनेल आहे की सर.”

बघितलं तर आरटी. २००५ साली ‘रशिया टुडे’ नावानं निघालेली, रशियन सरकारच्या पैशावर बाहेरच्यांसाठी चालणारी वाहिनी. नेमकी त्याच दिवशी युरोपीय संघानं तिच्यावर आणि स्पुटनिक या दुसऱ्या रशियन सरकारी वृत्तसंस्थेवर बंदी लागू केली होती. पोरगं काही कच्चं नव्हतं. म्हणालं, “मग बीबीसी मराठीला पैसा कुणाचा?”

खरं होतं. २०१७ साली ती सुरू झाली ती ब्रिटिश सरकारनं बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसला दिलेल्या जादा निधीतून. डॉइचे वेले ही जर्मन वाहिनी जर्मन करांवर चालते. पण पैसा कुणाचा यापेक्षा सरकारला ‘नाही’ म्हणायची संपादकाला मुभा आहे का, हे मी आधी बघतो. आणि आम्ही तरी कुठले लांबून बघणारे? १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, एकाच गावात कन्नड पेपरात राज्योत्सव असतो, आमच्यात सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस.

तेवढ्यात फोन. खानापूर तालुक्यातले एक पालक. मुलगी खार्किवात, तिथल्या दुपारी पेसोचिनच्या वाटेला लागलेली.

“पोरांस्नी धरून ठेवल्यात म्हणे. खरं काय वो सर? फोन लागंना झालाय.”

काय सांगणार? ‘रशिया म्हणतंय, आपलं सरकार अजून बोललेलं नाही,’ एवढंच मला ठाऊक होतं. तेवढंच सांगितलं. फोन ठेवला आणि मथळा बदलला : ‘विद्यार्थी ओलीस : रशियाचा दावा’. कॉलम आठाचे तीन केले, दूतावासाची सूचना वर घेतली. संपादक कुरकुरले, बाकीचे पेपर मोठं लावणार, हे त्यांचंही चुकीचं नव्हतं. पान बारा मिनिटं उशिरा सुटलं. त्याची बोलणी मी खाल्ली.

गुरुवारी सकाळी परराष्ट्र मंत्रालयानं स्पष्ट केलं, कुणा विद्यार्थ्याला ओलीस धरल्याची कसलीही माहिती आपल्याकडे आलेली नाही.

दुपारी तेच गृहस्थ पुन्हा फोनवर. मुलगी पेसोचिनला पोचली होती, पायाला फोड आले होते, बाकी ठीक.

“सर, त्यो ‘दावा’ शब्द तुमीच घातलासा काय?”

“होय.”

“पेपर आल्यापास्नं बायको तेवढ्यालाच धरून बसल्याली बगा.”