'ब्लीच' ऐकून केलेलं रेकॉर्डिंग

सांगलीहून आलेल्या तिघांनी स्टुडिओ एका दिवसासाठी घेतला होता. गिटार वाजवत गाणारा मुलगा, बेस वाजवणारी मुलगी आणि एक ड्रमर. तिघंही कॉलेजात, पैसे वर्गणी काढून जमवलेले. गाणाऱ्याने फोनवरच मला सगळं सांगून ठेवलं होतं: आधी क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरावीक लयीच्या टिकटिकीवर) ड्रम्स, मग बेस, मग गिटारचे चार ट्रॅक, आवाज डबल करायचा (तेच दोनदा गाऊन एकावर एक ठेवायचं), "आणि दादा, साउंड 'नेव्हरमाइंड'सारखा पाहिजे."

पुण्यातल्या छोट्या स्टुडिओत ही फर्माईश वरचेवर येते. निर्वाणा या अमेरिकी रॉक बँडचा १९९१ चा तो अल्बम कॅलिफोर्नियात साउंड सिटी स्टुडिओत बुच विग यांनी रेकॉर्ड केला आणि अँडी वॉलेस यांनी मिक्स केला. त्या आवाजामागे मोठी खोली आहे, उत्तम कन्सोल आहे आणि भरपूर वेळ आहे. एवढं समजावून सांगायचं आणि मग आपल्याकडे जे आहे त्यात जमेल तितकं जवळ जायचं, हा माझा रिवाज.

दुपारपर्यंत एकही टेक लागला नाही. कानात क्लिक सुरू झाली की ड्रमरचे हात आखडायचे. मुलगा वाईट वाजवत नव्हता. क्लिक बंद करून सहज वाजवायला सांगितलं की ठेका सुंदर पडायचा. चहाला थांबलो तेव्हा बेसवाली म्हणाली, "दादा, 'ब्लीच' लावू का स्पीकरवर?"

'ब्लीच' म्हणजे निर्वाणाचा पहिला अल्बम, जून १९८९ चा. त्यातलं 'अबाउट अ गर्ल' मला एमटीव्ही अनप्लग्डच्या कार्यक्रमामुळे पाठ होतं. पण अख्खा अल्बम सलग, स्टुडिओच्या मॉनिटर स्पीकरवर, मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

सुरुवात क्रिस्ट नोव्होसेलिकच्या एकट्या बेसने होते. तारा इतक्या खाली उतरवलेल्या की सूर डगमगतो. मग बाकीचे येतात आणि सगळं अंगावर येतं. गायक कर्ट कोबेनचा आवाज एकेरी, घसा खरवडून काढलेला. 'स्कूल' नावाच्या गाण्यात शब्द जेमतेम तीन ओळींचे. तेच तेच तो ओरडत राहतो आणि दर वेळी राग वाढलेला असतो. गुळगुळीत करायला कुणी हात लावलेला नाही. ड्रम्स ऐकताना खोली किती असेल याचा अंदाज येतो.

दुसऱ्या गाण्याला माझे कान टवकारले. "ड्रमर वेगळा आहे का रे इथे?" मी विचारलं. फटका जड झाला होता, स्नेअर ड्रमचा पोत बदलला होता. बेसवालीला सगळं तोंडपाठ होतं. बहुतेक गाण्यांवर चॅड चॅनिंग आहे, पण 'फ्लॉइड द बार्बर' आणि 'पेपर कट्स' ही दोन गाणी आधीच्या, जानेवारी १९८८ च्या सेशनमधली. त्यात मेल्विन्स या बँडचा डेल क्रोव्हर वाजवतो. चॅनिंगबरोबर ती गाणी पुन्हा करून पाहिली, पण जुनीच सरस वाटली म्हणून ती घेतली. हे ऐकून मला फार बरं वाटलं. दोन सेशनचे ड्रम्स एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून कुणी अडून बसलं नाही.

बाकीची माहिती तिनेच पुरवली. सिएटलचा रेसिप्रोकल स्टुडिओ, आठ ट्रॅकची टेप (म्हणजे आठच आवाज वेगवेगळे ठेवता येतात), इंजिनिअर जॅक एन्डिनो. तासांचं बिल तीस तासांचं, रक्कम ६०६ डॉलर १७ सेंट. ते पैसे जेसन एव्हरमन नावाच्या गिटारिस्टने भरले. त्याचं नाव कव्हरवर आहे, फोटोत तो आहे, पण अल्बममध्ये त्याने एकही सूर वाजवलेला नाही. पुढे हाच माणूस अमेरिकी सैन्याच्या स्पेशल फोर्सेसमध्ये गेला.

या सहाशे डॉलरचं कौतुक सगळे करतात. मला त्या तीस तासांचं जास्त वाटतं. आठ ट्रॅकमध्ये ड्रम्सना जागा दिली की उरतंच किती? नंतर बघू म्हणायची सोय नाही. स्टुडिओत पाऊल टाकण्याआधी गाणी हातात बसलेली असतील तरच हे होतं. निर्वाणाची गाणी वाजवणाऱ्यांना आणि समीक्षकांना 'ब्लीच' ही 'नेव्हरमाइंड'ची पायरी वाटत असेल. माझ्यासारख्या रेकॉर्डिंगवाल्याला त्यात तीन माणसं एकमेकांकडे बघून वाजवताना दिसतात, आणि 'नेव्हरमाइंड'मध्ये ती मला इतकी स्पष्ट दिसत नाहीत.

मी क्लिक बंद केली आणि तिघांना एकाच खोलीत आणलं. किकला (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला) एक माइक, स्नेअरला एक, वर एक, ओव्हरहेड. गिटारचा अँप भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि त्यावर जाड रजई टाकली. बेस माइकशिवाय, थेट डीआयमधून (वाद्याची वायर सरळ जोडायच्या डबीतून) घेतला, म्हणजे तेवढा तरी कोरा मिळेल. गाणाऱ्याच्या हातात साधा डायनॅमिक माइक दिला. तो घाबरला. "दादा, ड्रम्स सगळ्या माइकमध्ये येणार." येणारच होते. म्हटलं, येऊ देत, त्याचा विचार करून मी माइकच्या जागा ठरवतो. ओव्हरहेड वीतभर मागे सरकवला तेव्हा झांजेचा कर्कशपणा गेला आणि गिटारच्या माइकमध्ये गळणारे ड्रम्स ओव्हरहेडशी नीट जुळले. स्नेअर अचानक भरदार झाली.

मग त्यांनी वाजवलं. दुसऱ्या कडव्यानंतर ड्रमर बेसवालीकडे बघून लय किंचित वाढवतो, तीही त्याच क्षणी पुढे सरकते, आणि गाणारा ओळ अर्धा श्वास आधी उचलतो. हे त्यांच्या घरच्या तालमीत रोज होत असणार. सकाळभर क्लिक नेमकं हेच मोडत होती.

संध्याकाळपर्यंत दोन गाणी पूर्ण झाली. ठरलेली चार होती, पण बाकीची दोन अजून बसलेली नाहीत असं ड्रमरच म्हणाला आणि ते खरं होतं. मिक्स करताना गाणाऱ्याने पुन्हा आवाज डबल करायचा विषय काढला. मी दोन्ही ऐकवलं. बेसवालीने मान हलवली, एकेरीच ठेवा म्हणाली. ड्रमरही तेच म्हणाला. मग गाणाऱ्याने एकच मागितलं: शेवटच्या ओळीत आवाज फाटतो, तिथे गिटार खाली घ्या, फाटलेलं नीट ऐकू येऊ दे. गिटार दोन डेसिबल खाली घेतली आणि फाइल त्यांना दिली.