पलटण मागितली, गाय मिळाली

माझी सून अमेरिकन. तिचा कुणी पूर्वज तिकडच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांशी लढला होता, असं तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. पुरावा म्हणाल तर शून्य. मग रिकामटेकडे सासरे कामाला लागले. त्या युद्धाच्या पेन्शनच्या ऐंशी हजारांच्या आसपास फायली तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि घरबसल्या वाचता येतात.

एकाच नावाची माणसं ढिगानं निघाली. आडनाव कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, त्यामुळे एकाच फायलीत स्पेलिंगंही वेगवेगळी. फायलीच्या नंबराआधी अक्षर असतं: एस म्हणजे सैनिकाला पेन्शन मंजूर, डब्ल्यू म्हणजे विधवेला, आर म्हणजे नामंजूर. नामंजूर अर्जसुद्धा दोनशे वर्षं सांभाळलेत, याचं मला भारी कौतुक वाटलं.

1800 साली युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि जुने कागद जळाले. त्यामुळे आपला कप्तान कोण, लढलो कुठे, हे म्हाताऱ्यांना आठवून सांगावं लागे. 1818च्या कायद्यानं, नऊ महिने मुख्य फौजेत काढलेल्या आणि हलाखीत असलेल्या साध्या शिपायाला महिना आठ डॉलर देऊ केले. अर्जांची अशी झुंबड उडाली की सरकारला शंका आली. 1820मध्ये फर्मान निघालं: गरिबी शपथेवर सिद्ध करा, मालमत्तेची यादी जोडा. अंगावरचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण तेवढं वगळायचं.

आमच्या (बहुधा आमच्याच) माणसाची यादी अशी: एक गाय, एक म्हातारी घोडी, लोखंडी भांडं, कुऱ्हाड, मोडक्या खुर्च्या. खाली लिहिलंय की देणं मालमत्तेपेक्षा जास्त, गुडघे कामातून गेलेले, बायको आजारी. सहीच्या जागी फुली. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना मी कुरकुरतो. मला जिवंत आहे एवढंच दाखवायचं असतं. याला आपण कफल्लक आहोत हे भर कोर्टात सांगावं लागलं.

खाऊनपिऊन सुखी असलेल्याला ही यादी द्यायची वेळच आली नाही. 1832च्या कायद्यानं गरिबीची अट काढली, पण तोवर किती जण टिकले असतील! तरुणपणीच रणात पडला, मागे बायको नाही, त्याची तर फाईलच नसायची. म्हणजे पणतवंडांना मिरवायचं असेल, तर पणजोबा म्हातारपणी कंगाल झालेला बरा. सूनबाईला त्याची पलटण हवी होती, हाती लागली त्याची गाय. मला गाय जास्त आवडली.

विधवांचं आणखी अवघड. 1836पासून त्यांना पेन्शन मिळू लागलं, पण लग्न झाल्याचा पुरावा हवा. दाखला नसेल तर बायका घरच्या बायबलमधलं जन्म-लग्नाच्या नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडत. ती पानं अजून फायलींतच आहेत.

आता प्रश्न बायकोच्या नावाचा आहे. या फायलीतलं नाव सूनबाईच्या घरच्या माहितीशी जुळतं, गाव जुळत नाही. 1790च्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी सगळे नुसते आकड्यांत, तेव्हा तिथेही ही बाई भेटणार नाही. जमिनीचे जुने दस्त चाळू, मग ठरवू, असं मी म्हणालो. "हो बाबा," म्हणाली, आणि त्याच रात्री माहेरी फोन करून पूर्वज सापडल्याचं जाहीर करून मोकळी झाली.