आग लागली आणि वीजही गेली तर?

आमच्या लिफ्ट कंट्रोलरचं सॉफ्टवेअर एकच, पण प्रत्येक इमारतीसाठी त्याची बांधणी वेगळी. कुणाला एआरडी हवा, म्हणजे वीज गेली की बॅटरीवर जवळच्या मजल्यापर्यंत नेऊन दार उघडणारी सोय. कुणाला फायर मोड, म्हणजे आगीचा सिग्नल आला की लिफ्ट तळमजल्यावर नेणारी सोय, कुणाला ठरावीक मजल्याला प्राधान्य. अशी 32 ऐच्छिक फीचर्स होती. कागदावर त्यांतून 429 कोटींहून जास्त बांधण्या निघतात. प्रत्येक फीचरची टेस्ट पास होत होती. दोन फीचर्स एकत्र आल्यावर काय बिघडतं, ते शोधायचं काम माझ्याकडे आलं.

टेलिफोनवाल्यांना हा त्रास फार आधीपासून माहीत आहे. लाइन व्यस्त असताना दुसरा कॉल आला, तर कॉल वेटिंगने बीप द्यायची की कॉल फॉरवर्डिंगने तो दुसरीकडे पाठवायचा? दोन्ही सोयी आपापल्या जागी बरोबरच असतात.

सुरुवात जोड्यांपासून केली. 32 फीचर्सच्या 496 जोड्या, प्रत्येकीच्या चालू-बंद अशा चार स्थिती. फीचर्सवर काही बंधनं नसतील तर हे सगळं अवघ्या 8 बांधण्यांत बसतं! मला हे गणित अजूनही फार सुंदर वाटतं. आमची काही फीचर्स एकमेकांवर अवलंबून होती, म्हणून बांधण्या थोड्या वाढल्या. किरकोळ दोष सापडले, मोठा निसटला. एआरडी आणि फायर मोड दोन्ही असलेली बांधणी त्यात होतीच, पण फायरच्या टेस्टमध्ये वीज जात नव्हती आणि एआरडीच्या टेस्टमध्ये आग लागत नव्हती.

मग मॉडेल चेकिंगकडे वळले, म्हणजे यंत्रणेचं मॉडेल लिहून तिच्या सगळ्या शक्य स्थिती टूलकडून तपासून घेणं. माल्टे प्लाथ आणि मार्क रायन या संशोधकांनी 2001 मध्ये लिफ्टच्याच उदाहरणावर हे करून दाखवलं होतं. मी त्यासाठी न्यूएसएमव्ही हे टूल वापरलं. प्रत्येक फीचर हे सुरुवातीलाच खरं किंवा खोटं ठरणारं चल मानलं, त्यामुळे एकाच मॉडेलमध्ये सगळ्या बांधण्या तपासल्या गेल्या. अट लिहिली: फायर मोड लागल्यावर तळमजल्याखेरीज कुठेही दार आपोआप उघडू नये. टूलने लगेच प्रतिउदाहरण, म्हणजे अट मोडणारा घटनाक्रम, दिलं. आगीचा सिग्नल येतो, लिफ्ट खाली निघते, मध्येच वीज जाते, एआरडी तिला चौथ्या मजल्यावर थांबवतो, दार उघडतं. धूर कदाचित तिथेच असेल. आगीत वीज जाणं तर नेहमीचंच, म्हणून हे वाचून मी अस्वस्थ झाले.

प्रतिउदाहरणं आणखीही बरीच निघाली, पण सगळी वाईट नव्हती. ओव्हरलोड लिफ्ट प्राधान्याच्या मजल्याचा कॉल आला तरी हलत नाही, आणि तेच हवं आहे. नको असलेलं कोणतं, हे टूल सांगू शकत नाही. त्यासाठी साइटवर काम करणाऱ्या टेक्निशियन मंडळींसोबत एकेक प्रसंग वाचून काढला, आणि माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा वेळ तोच.

चौथ्या मजल्याच्या प्रसंगावर वाद झाला. दार बंद ठेवलं तर आतली माणसं अडकतात. शेवटी ठरलं, धुराचा सिग्नल आलेला मजला वगळून जवळचा मजला निवडायचा. ती अट आता मॉडेलमध्ये आहे, आणि रात्रीच्या प्रत्येक बिल्डला एका टेस्टमध्ये आग आणि वीजकपात एकदम होते. तीन फीचर्सच्या एकत्र परिणामांवर काम सध्या चालू आहे.