सिंगल बेल

एसटीत कंडक्टर म्हणून माझी २६ वर्षं झाली. आंबेनळी घाटात धुक्यात खाली उतरून, शिट्टी मारत गाडी मागे घ्यायला लावलीय. पण दातांचा दवाखाना दिसला की मी रस्ता बदलायचो.

चौथीत असताना दाढ किडली म्हणून वडील तालुक्याला घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले, "काही करत नाही, फक्त बघतो." पकड पाठीमागे लपवलेल्या हातात होती. कंपाउंडरने माझे खांदे दाबून धरले. किती दुखलं ते आता आठवत नाही, ते "फक्त बघतो" मात्र अजून कानात आहे.

गेल्या पावसाळ्यात खालची उजवी दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या. पुढे पुढे चहाचा घोट घेतला की डोळ्यांपुढे काजवे, आणि गार पाणी तोंडात धरलं की तेवढ्यापुरता आराम. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, असा चार दिवस ड्युटीवर होतो. पाचव्या दिवशी बायकोने मला न विचारता नंबर लावला.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आधी कधी काही त्रास? मी म्हटलं, मागे एकदा दातासाठी सुई घेतली तेव्हा रिअ‍ॅक्शन आली होती. तिने केसपेपरवर लिहिलं, ‘ॲलर्जी’. आत डॉक्टरबाईंनी ते वाचलं आणि हातातलं सगळं खाली ठेवलं.

"काका, रिअ‍ॅक्शन म्हणजे नक्की काय झालं होतं? अंगावर पुरळ? ओठ सुजले? श्वास अडकला?"

तसलं काहीच नाही. छातीत धडधडलं, हात थरथरले, थोड्या वेळात गेलंही. त्या म्हणाल्या, भूल जास्त वेळ टिकावी म्हणून त्या औषधात जरासं ॲड्रेनलिन घालतात, त्याने धडधडू शकतं, वर तुमची भीती. बीपी बघितलं आणि तो शब्द खोडला. नाहीतर आयुष्यभर ॲलर्जीवाला म्हणून फिरलो असतो.

मग त्यांनी पाच प्रश्न विचारले. उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हटलं तर कसं वाटतं? बाहेर नंबरची वाट बघताना? ड्रिल, दात साफ करणं, हिरडीत सुई? प्रत्येकाला १ ते ५ गुण. २५ पैकी १९ किंवा जास्त झाले की माणूस फारच घाबरणारा. माझे २१. शाळेत एवढे कधी मिळाले नव्हते.

"डावा हात वर केलात की मी थांबणार. कितीही वेळा. का म्हणून विचारणार नाही."

"म्हणजे सिंगल बेल," मी म्हटलं. बाई कॉलेजला एसटीनेच जायच्या, लगेच हसल्या.

पुढचं प्रत्येक काम त्या आधी सांगायच्या, मग करायच्या. ड्रिल आधी हवेत फिरवून आवाज ऐकवला. "दुखणार नाही" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. "चिमटा बसल्यासारखं होईल, मग नुसता दाब," म्हणाल्या, आणि तसंच झालं. सुई तर मला दिसलीच नाही, असिस्टंट मुलीने हनुवटीच्या खालून हातात दिली.

खरं सांगतो, पहिल्यांदा हात वर केला तेव्हा काहीच दुखत नव्हतं. ब्रेक लागतो का ते बघायचं होतं. लागला. दुसऱ्यांदा मात्र खरंच कळ आली. सुजलेल्या दाढेत भूल नीट धरत नाही म्हणे. त्यांनी पुन्हा भूल दिली, घड्याळ बघून थांबल्या, मगच पुढे.

दुसऱ्या सिटिंगला रूट कॅनॉलसाठी शनिवारी येणारे स्पेशालिस्ट होते. हात सफाईदार, बोलणं मोजकं. दाढेभोवती रबराचा पडदा ताणलेला, त्यामुळे बोलायची सोय नाही. मुळाच्या टोकापर्यंत सुई किती आली ते सांगणारं मशीन टिकटिक करत होतं, पोहण्याच्या तलावासारखा वास येत होता. मध्येच कळ आली. मी हात वर केला.

"दोन मिनिटं काका. हात खाली घ्या."

मी थेट चौथीत. खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. तेवढ्यात ती असिस्टंट, जी इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "सर, काकांनी हात वर केला की थांबायचं, असं मॅडमनी ठरवलंय."

मशीनची टिकटिक तेवढी चालू. सरांनी हात बाजूला घेतला. "मला कुणी सांगितलं नाही," म्हणाले. ते खरंच होतं. ते ठरलेलं बाईंच्या आणि त्या मुलीच्या डोक्यात, कागदावर कुठेच नाही. आमच्याकडे ड्रायव्हर बदलला की जुना ड्रायव्हर नव्याला सांगून उतरतो, ब्रेक जरा सैल आहे, दुसरा गिअर अडतो. इथे तेवढंच राहून गेलं होतं. आणि सिनियर ड्रायव्हरला तोंडावर "थांबा" म्हणायला नवा कंडक्टर किती कचरतो ते मला माहीत आहे. ती मुलगी बाविशीचीही नसेल.

सरांनी आणखी भूल दिली आणि काम संपवलं. मग स्वतःच लाल पेन मागून केसपेपरच्या माथ्यावर लिहिलं: ‘डावा हात वर = थांबणे. सुई दाखवू नये.’ पार्टिशनमागून बाईंचा आवाज आला, "तू बोललीस ते बरं केलंस." तिचं उत्तर ऐकू आलं नाही.

तिसऱ्या सिटिंगला मुळं भरली, पुढे माप घेऊन कॅप बसवली. निळा कागद चावून चावून उंची बघितली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त मुळं भरली त्या दिवशी ओठ बधिर असताना घाईने चहा प्यायलो आणि निम्मा शर्टावर सांडला.

वरच्या दाढेलाही कीड आहे म्हणतात. मंगळवारची वेळ घेतलीय, मीच. काउंटरवरच्या मुलीला केसपेपर काढायला लावून वरची लाल ओळ बघून आलो.