दोन चौकटींची पाटी

डबा उघडला तेव्हा कुजलेल्या नायट्रेटचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या पदार्थाचा, उग्र दर्प अगदी पुसट होता, तिथेच आशा वाटली. आत १९२०च्या दशकातल्या एका प्रेमविनोदी मूकपटाची, परदेशी वितरणासाठी काढलेली निगेटिव्ह होती. पाच रिळं.

आधी आकुंचन मोजलं. फितीच्या कडेच्या शंभर छिद्रांची लांबी मापपट्टीवर धरली. चार रिळं ०.८ टक्क्यांच्या आत, तिसरं मात्र १.६. इतकी आखडलेली फीत यंत्राच्या दात्यांवर बसत नाही, छिद्रांच्या कडा फाटतात. म्हणून तिसरं रीळ दाते नसलेल्या स्कॅनरवर चढवलं.

खरी गंमत त्याच रिळात होती. बाकावर बसलेली नायिका वळून काहीतरी म्हणते, पाटी, म्हणजे पडद्यावरचा संवादाचा मजकूर, लुकलुकते आणि नायकाचा चेहरा पडलेला दिसतो. पाटी फक्त दोन चौकटींची, म्हणजे फितीवरच्या दोनच चित्रांची! ही तूट नव्हे. प्रत्येक देशात पाट्या त्या त्या भाषेत नव्याने घालायच्या, म्हणून निगेटिव्हमध्ये नमुन्यापुरत्या दोनच चौकटी ठेवत.

आता ती वाचता येईल इतकी लांबवायची, पण त्याआधी वेग ठरवावा लागतो. सेकंदाला २४ चौकटींना दोघं धावपळ करत होती, १८ला पेंगुळलेली. कपात चहा ओतण्याचं दृश्य २०ला स्वाभाविक वाटलं. पाटीत आठ शब्द, सावकाश वाचायला चार सेकंद, म्हणजे ८० चौकटी, पाच फूट. तेवढी लांबवून पुन्हा चालवलं. आता आपण वाचून संपवतो आणि नेमका त्याच क्षणी नायकाला अर्थ कळतो. मूकपटातलं प्रेम या थांब्यांत असतं. ते एका सेकंदाने चुकले की विनोद मरतो. बोलपटाला हे असं कधी जमलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत १९१२ ते १९२९ मध्ये सुमारे ११,००० मूक कथापट निघाले. मूळ ३५ मिमी रूपात पूर्ण उरलेत जेमतेम १४ टक्के. अभिनेत्री क्लारा बोचा ‘इट’ (१९२७) हरवलाच असं कित्येक वर्षं धरलं होतं. त्याची प्रत प्रागला सापडली. कॉलीन मूरचा ‘हर वाइल्ड ओट’ही तिथेच मिळाला, चेक पाट्यांसह.

तिसऱ्या रिळाचे गाभ्याजवळचे चाळीस फूट चिकटून वडी झाले आहेत. ओढून सोडवले तर चित्राचा थर निघून येईल, म्हणून ते तसेच थंड, कोरड्या कपाटात ठेवले. २०च्या वेगाने बत्तीस सेकंद. बाकावरून उठून ती दोघं कुठे गेली, ते त्यात आहे.